जनरेटरचं कव्हर

आईला मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लागतो. तो तिच्या पलंगाशेजारच्या यंत्रातून येतो आणि यंत्राला साडेतीनशे वॅट वीज लागते. नळीशिवाय पाच मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही जनरेटर घेतला तो एवढ्यासाठी.

दुबईच्या करामा भागात राहणारा माझा जुना मित्र फोनवर हसला होता. "दुबईत वीस वर्षं काढली मी, मेणबत्तीसुद्धा घेतली नाही. आणि तू जनरेटर घेतोयस?" त्याचं खरं होतं, त्याच्याकडे वीज जात नाही. पण आमचा फुजैरातला भाड्याचा व्हिला जुना आहे आणि गल्लीतली केबल त्याहून जुनी. मागच्या उन्हाळ्यात वीज दोनदा गेली, एकदा पन्नास मिनिटं आणि एकदा दोन तास दहा मिनिटं. दोन्ही वेळा आई छोट्या सिलिंडरवर होती आणि मी त्याच्या काट्यासमोर स्टूल टाकून बसलो होतो.

मी तेलाच्या टर्मिनलवर टाक्यांची मापं तपासतो. घरीही मोजल्याशिवाय चैन पडत नाही. ऑक्सिजनचं यंत्र, आईच्या खोलीतला एसी, फ्रिज, चार दिवे, असं सगळं लिहून काढलं. एसी सुरू होताना क्षणभर तिप्पट वीज ओढतो, ते धरलं. कडक उन्हात जनरेटरची ताकद घटते, तेही धरलं. दुबईत रास अल खोरच्या गोदामातला विक्रेता दुप्पट मोठं मशीन गळ्यात मारू पाहत होता. मी कागद पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला.

"साब, आप घर चलाते हो या बँक?"

आठ केव्हीएचा डिझेल जनरेटर ठरला. वीज गेली की पंधरा सेकंदांत आपोआप सुरू करणारं पॅनल सोबत घेतलं, कारण मी कामावर असताना बाहेर पळायला कोणी नको होतं. साडेअकरा हजार दिरहम. बायकोने मनात रुपये केले आणि अडीच लाखांच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं. घरमालकाची परवानगी आणली, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावला, मागच्या अंगणात काँक्रीटचा ओटा घातला. मशीनला चारही बाजूंनी हवा हवी, असं इलेक्ट्रिशियनने सांगितल्यावर मी टेप लावून भिंतीपासून बरोबर एक मीटर अंतर ठेवलं.

मग आईने कव्हर शिवलं. आमच्या घरात मिक्सरला कव्हर आहे, वॉशिंग मशीनला आहे, टीव्हीच्या रिमोटलाही आहे. नवी वस्तू उघडी ठेवणं तिच्या जिवाला लागतं, आणि इथली वाळू तर फटीफटीतून आत शिरते. नाकात नळी आणि मांडीवर जुना जाड पडदा घेऊन ती चार दिवस हाताने टाके घालत होती. लांबी, रुंदी, उंची मीच मोजून दिली. खाली नाड्या, धुराच्या नळीसाठी भोक. कव्हर इतकं चपखल बसलं की मी त्याचा फोटो मित्राला पाठवला.

दर शनिवारी मी कव्हर काढायचो, जनरेटर दहा मिनिटं चालवायचो, गार झाला की कव्हर चढवायचो आणि वहीत नोंद करायचो. अकरा शनिवार, एकही बिघाड नाही. त्या भरवशावर मी सिलिंडरबाबत सैल झालो. दवाखान्याच्या फेऱ्यांत तो थोडा थोडा संपायचा; आधी काटा निम्म्यावर आला की भरून आणायचो. आता 'या शनिवारी बघू' म्हणायला लागलो.

त्या बुधवारी दुपारी पावणेतीनला बायकोचा फोन आला. "अहो, वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि आठ मिनिटांनी बंद पडला. आईंना सिलिंडर लावलाय."

काट्यावर किती, विचारलं. मुलाचा आवाज आला. "फोर्टी, बाबा."

पूर्ण भरलेला सिलिंडर एकशे चाळीस दाखवतो. एका आकड्यामागे तीन लिटर. म्हणजे एकशे वीस लिटर, साठ मिनिटं. घर पस्तीस मिनिटांवर. मी फोन स्पीकरवर टाकून निघालो. बायकोने दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्सला कळवलं. ती निघाली होती, पण कधी पोचेल ते कोणी सांगेना.

बंदराच्या रस्त्यावर टँकरची रांग लागली होती. मी एकेक विचारत गेलो. डिझेल? भरलेलं. बॅटरी? दिवा हिरवा. लाल दिवा कुठला लागलाय? मुलगा म्हणाला, "द टेम्परेचर वन."

बाहेर सेहेचाळीस अंश होते, पण ते मी धरले होते. हवेसाठी मीटरभर जागा सोडली होती. ती टेप डोळ्यांसमोर आली.

"कव्हर काढलंत का?"

बायको म्हणाली, "नाही हो. ते आपोआपच सुरू झालं ना."

मशीनने घुसमटून स्वतःला बंद केलं होतं. मी सांगितलं, कव्हर काढा, मशीनची दारं उघडा, पंधरा मिनिटं हात लावू नका. मुलगा लगेच बटण दाबायला निघाला होता, त्याच्यावर ओरडलो. तापलेलं मशीन पुन्हा बंद पडलं असतं तर हातात काही उरलं नसतं. सिलिंडरचा काटा मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो. छत्तीस. पस्तीस. तेवढ्यात आईचा आवाज आला, तुटक.

"अरे, तू आकडे विचारू नकोस. मला धाप लागते. गाडी बघ."

मी आकडे विचारणं थांबवलं. टँकर हलले. सिलिंडर लावल्यापासून चोविसाव्या मिनिटाला फोनमधून आधी इंजिनाची घरघर ऐकू आली आणि मग ऑक्सिजनच्या यंत्राची शिट्टी.

घरी पोचलो तेव्हा अँब्युलन्सवाले तिच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन तपासत होते. ठीक आहे म्हणाले. सिलिंडरचा काटा चोवीसवर होता. आई पलंगावर टेकून बसली होती आणि कव्हर तिच्या मांडीवर होतं. कात्रीने ती एका बाजूची शिवण उसवत होती.

"मापं तर बरोबर होती," मी म्हणालो.

"होती ना," आई म्हणाली. "बूट काढू नकोस. आधी सिलिंडर भरून आण."