वाचणारी बाई तीच आहे

बातमी आली तेव्हा आपा वाचत होत्या. म्हणजे माझ्या फोनमध्ये वाचत होत्या. दुपारची वेळ, कानात फोनचं ते बोंडूक खुपसून मी शेंगा फोडत बसले होते आणि आपांच्या आवाजात कादंबरीतल्या टुरिंग टॉकीजच्या मालकाची बायको नवऱ्याला धू धू धूत होती. मधेच आवाज तुटला, रिंग वाजली. पलीकडं आपांची मुलगी रेहाना. "मावशी, अम्मी गेली..." आठवडाभरापूर्वीच आपांना मुरूमहून लातूरला दवाखान्यात नेलं होतं, रेहाना तिथंच नर्स आहे. मी काय बोलले ते आठवत नाही. तिनं फोन ठेवला. आणि फोनचं तुम्हाला माहीतच आहे, बोलणं संपलं की थांबलेलं पुस्तक आपोआप पुढं सुरू होतं. आपांनी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं आणि सरळ पुढं वाचायला लागल्या. मला बंद करायचं सुचलंच नाही. तुकडा संपेपर्यंत ऐकत राहिले. शेवटी त्या नेहमीसारखं म्हणाल्या, "इथं खूण ठेवली." मग मी हातातल्या शेंगा खाली टाकल्या आणि मोठ्यानं रडले.

आता काही आठवडे झालेत. या काळात आपांवर बरंच बोललं गेलं. कुणी त्यांना अंधांची माउली म्हटलं, कुणी आवाजाची देवी. आपा असत्या तर त्यांनी असल्या माणसाला चहासुद्धा विचारला नसता. नूरजहाँ आपा मुरूमच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीतल्या आपल्या घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या, माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या आंधळ्या माणसांसाठी. पण त्यात दयेचा लवलेश नव्हता. त्यांना पुस्तकावर भांडायला माणूस लागायचं आणि गल्लीत पुस्तक वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी मला वाचायला लावलं, एवढंच. सत्कारात कुणी म्हणालं, "आपा, तुम्ही मुसलमान असून किती सुंदर मराठी वाचता," की त्या तिथल्या तिथं म्हणायच्या, "असून म्हणजे काय हो? माझा जन्म मुरूमचा. इथं काय फ्रेंच बोलतात का?" सत्कार करणाऱ्याला मग नारळ कुठं ठेवावा ते कळायचं नाही.

मी लहानपणापासून आंधळी. सोलापूरच्या वसतिगृहात ब्रेल शिकले, उमरग्याला एका बँकेत टेलिफोनवर नोकरी केली. पण ब्रेलमध्ये गोष्टीची पुस्तकं मिळणार किती! नंतर फोनवर बोलकी पुस्तकं आली तेव्हा मला वाटलं, चला, भूक भागली. कसली भागतीय? त्या पुस्तकांत नट ठेवलेले. खलनायक हसायचा, नायिका हुंदके द्यायची, मागं पेटी वाजायची. एकदा उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि मी खाली बसून ऐकत होते. एकदम धो धो पाऊस! मी उठले, धडपडत जिना चढले, ओल्या कुरडया साडीच्या ओच्यात गोळा केल्या, निम्म्या मोडल्या. वर ऊन असं कडकडीत की पाय भाजले. पाऊस पुस्तकात होता. आपा शेजारच्या गच्चीवरून सगळं बघत होत्या. आधी पोट धरधरून हसल्या, मग भडकल्या. "ही काय वाचायची रीत झाली? लेखकानं पाऊस लिहिला न्हाई का? ह्यांना वरून ओतायचं कशाला पाहिजे? नाव सांग त्या पुस्तकाचं, म्या वाचते."

आणि वाचायला लागल्या. आपांच्या घराला लागून पिठाची गिरणी. ती चालू असली की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. त्यामुळं आपांचं वाचन लाईटवर ठरायचं. आपल्याकडं लाईट गेली की लोक शिव्या देतात, आपा म्हणायच्या, "चला, सोय झाली." गिरणी थांबायची, पंखेही थांबायचे. मागच्या खोलीच्या दाराला आणि खिडकीला जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळा टांगलेल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. वैशाखातल्या दुपारी त्या बंद खोलीत, वाऱ्याची झुळूक नाही, घाम गळतोय आणि ही बाई ताठ बसून वाचतेय! मी दाराशी बसायचे. खोकायचीसुद्धा चोरी होती.

आमचं पहिलं भांडण झालं ते रागावरून. कादंबरीत बाप पोराला घराबाहेर काढतो आणि आपा ते दळणाचा हिशेब टिपून दिल्यासारखं, शांत, स्वच्छ वाचत गेल्या. मी म्हणाले, "आपा, जरा चिडा की! बाप तापलाय तिथं." त्या म्हणाल्या, "राग लिहिणाऱ्यानं लिहून ठेवलाय. मी परत केला तर तू काय करणार? नुसती बघत बसणार? राग तुझ्या वाटणीचा आहे, तू कर." मला पटलं नाही. आठ दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. पण तोच तुकडा पुन्हा ऐकताना माझे दात आवळले गेले तेव्हा उमगलं की बाप माझ्याच डोक्यात ओरडत होता, माझ्याच बापाच्या आवाजात. हे मी आपांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतं.

दुसरा किस्सा तर अजून भारी. पहिली मोठी कादंबरी आपांनी फोनच्या एका कार्डात भरून दिली. प्रकरणांना नुसते आकडे. फोननं काय करावं, एकानं सुरू होणारे आकडे एकत्र धरले: पहिल्यानंतर दहावं लावलं, मग अकरावं, बारावं आणि ते संपल्यावर दुसरं! म्हणजे नायक आधी मेला, मग त्याचं दिवसकार्य झालं, मग त्याचं लग्न ठरलं. मी आपली ऐकतेय. मला वाटलं, नव्या तऱ्हेचं लेखन असणार, आपल्यालाच समजत नाही. आपांकडं गेले आणि तासभर त्या लेखकाची स्तुती केली. काय धाडस, म्हटलं, मरण आधी सांगून टाकलं आणि मग लग्नातल्या प्रत्येक अक्षतेला रडू येतं! आपांना वाटलं, माझं डोकं फिरलं. मग फोन हातात घेऊन बघितल्यावर त्या अशा हसल्या की गिरणीवाला काय झालं म्हणून विचारायला आला. पण हसून झाल्यावर म्हणाल्या, "सुमन, ही चूक माझी. डोळस माणूस पुस्तक हातात धरतं, पान बघतं, किती राहिलं ते चाचपतं. तुला म्या काय दिलं? नुसता आवाज. आवाजाला पान लागतं गं."

त्या दिवसापासून आपांची शिस्त सुरू झाली. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, कितवा तुकडा, कोणतं पान आणि मागं काय झालं ते एका वाक्यात. तुकडा कुठं तोडायचा याचाही नियम: गोष्टीतलं माणूस दारातून बाहेर पडलं की तोडायचा. "तोवर ऐकणाऱ्याला उठवायचं न्हाई, आणि त्यानंतर डांबून ठेवायचं न्हाई." आमच्याकडच्या वाशीचे, माझ्यासारखेच आंधळे एक भाऊ म्हशीची धार काढताना ऐकायचे, तुळजापूरला देवळाच्या वाटेवर बांगड्या विकणारी एक बाई गिऱ्हाईक नसताना ऐकायची. दोघंही म्हणायचे, आपांच्या पुस्तकात बरोबर उठायच्या जागी उठता येतं. आणि एक नियम सगळ्यात वरचा. सर्दीनं आवाज बसला तर आपा आधी सांगायच्या, "आज घसा धरलाय. आवाज वेगळा लागंल. पण वाचणारी बाई तीच आहे." मला ते उगाच वाटायचं. आवाज बसला तरी माणूस ओळखू येतं की! आपा म्हणायच्या, "ओळखू येणं वेगळं आणि सांगणं वेगळं."

मग पुण्याच्या एका संस्थेच्या कानावर हे गेलं. बोलक्या पुस्तकांची मोठी संस्था, चांगली माणसं, मनापासून काम करणारी. त्यांना आपांची सगळी पुस्तकं हवी होती. फक्त पानांचे आकडे काढायचे, ती खुणेची वाक्यं काढायची, तुकडे सारख्या लांबीचे करायचे आणि मागं थोडं संगीत. आपांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, गोष्ट म्हणजे काय कणीक आहे का, सारखे गोळे करायला? न्यायचं तर आहे तसं न्या. न्हाईतर माझी माणसं हायेत ऐकायला." तो विषय तिथंच संपला.

संपला असं मला वाटलं होतं... आपा गेल्यावर त्याच साहेबांचा रेहानाला फोन आला. टुरिंग टॉकीजची कादंबरी आपांकडून अर्धी राहिली होती. साहेब म्हणाले, तुमच्या अम्मीचं इतकं रेकॉर्डिंग आहे की यंत्र त्यांचा आवाज शिकू शकतं. उरलेली कादंबरी त्यांच्याच आवाजात पुरी करू, त्यांना श्रद्धांजली म्हणून. नमुनाही पाठवला. रजा काढून अम्मीच्या घरीच राहिलेली रेहाना तो घेऊन माझ्याकडं आली. आम्ही दोघींनी ऐकला. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. आपाच. तोच आवाज, "कुठं"वरची तीच लकब. रेहाना ओक्साबोक्शी रडत होती. "मावशी, अम्मी अजून बोलंल आपल्याशी. मी हो म्हणते त्यांना."

पण पुढं नायिकेच्या आईच्या मरणाची जागा आली आणि ती यंत्रातली आपा रडवेली झाली. आवाज कापला, श्वास अडकला. माझं टाळकंच सणकलं. आपा आयुष्यात कधी रडवेल्या वाचल्या नाहीत. रडणं ऐकणाऱ्याच्या वाटणीचं ठेवलं त्यांनी, मरेपर्यंत. मी रेहानाकडून त्या साहेबांना फोन लावून घेतला आणि म्हणाले, "हे नको." ते समजुतीनं म्हणाले, "मॅडम, तेवढं सुधारता येईल. ऐकणाऱ्याला फरकसुद्धा कळणार नाही."

"म्हणूनच नको," मी म्हणाले.

रेहाना माझ्यावर चिडली. तिचं बरोबर होतं. आई तिची, आवाज तिच्या आईचा, मी कोण लागून गेले? "मावशी, तुम्हाला तुमची शिस्त प्यारी. मला माझी अम्मी पाहिजे," म्हणाली आणि दार आपटून गेली. दोन दिवस आली नाही. मला वाटलं, गेलं आता. हिनं होकार दिला की पुढची सगळी माणसं, वाशीचे भाऊ, ती बांगड्यावाली, सगळे त्या यंत्राला आपा समजून ऐकणार. आणि मी बोंबलले तरी कोण ऐकणार?

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी घसा धरलेल्या दिवसाचा एक जुना तुकडा लावला. आपांचा घोगरा आवाज आला, "पण वाचणारी बाई तीच आहे." रेहानानं विचारलं, "हे कशाला सांगायची अम्मी? कळतंच की."

"रेहाना, मला फसवायला काय लागतं गं?" मी म्हणाले. "दुकानदार मला फाटकी नोट देऊ शकतो. कुणीही दारात येऊन मी अमका म्हणू शकतं. जग मला रोज फसवू शकतं आणि निम्म्या वेळा मला पत्ताबी लागत न्हाय. तुझ्या अम्मीनं इतकी वर्षं माझ्या कानात वाचलं, पण सर्दीसुद्धा लपवली न्हाई. आता तिच्याच आवाजानं मला फसवणार का? ते यंत्र म्हणंल का, की बाई ती न्हाय म्हणून?"

तिनं तो घोगरा तुकडा बंद केला. मग म्हणाली, "शेवटचा तुकडा लावा."

शेवटच्या तुकड्यात नायिका कंपनी सोडून निघालीय. तंबूच्या कनातीला तिनं हात घातलाय आणि तेवढ्यात मागं गिरणीचा पट्टा घरघरायला लागतो. आपा वैतागून म्हणतात, "आली बया लाईट! हिला दारातच उभी करावी लागतीय. इथं खूण ठेवली. बाकीचं उद्या." आपांनी स्वतःचा नियम मोडलेला तो एकच तुकडा. दुसऱ्याच दिवशी त्यांना लातूरला नेलं.

"मावशी, ती बाई अजून तिथंच उभी आहे," रेहाना म्हणाली. "तिला बाहेर कोण काढणार?"

"तुला वाचता येतं ना?"

"मला अम्मीसारखं न्हाई यायचं."

"तिच्यासारखं वाचलंस तर मी उठून जाईन. तू तुझ्यासारखं वाच."

त्याच दुपारी लाईट गेली आणि आम्ही आपांच्या मागच्या खोलीत गेलो. वाकळा अजून तशाच टांगलेल्या होत्या, त्यांना आपांच्या खोबरेल तेलाचा वास होता. पुस्तक कोनाड्यात, खुणेच्या पानात वाकळेची चिंधी. रेहाना आपांच्या जागी बसली, मी दाराशी. पहिल्या ओळीलाच तिचा आवाज भरून आला. "परत," मी म्हणाले. दुसऱ्यांदा ती घाईत सुटली. "परत. तुझ्या मागं कुत्रं लागलंय का?" ती रागानं हसली. पाण्याचा एक घोट घेतला. आणि मग, न विचारता, न सांगता, तिनं पुस्तकाचं नाव घेतलं, तुकडा सांगितला, पान सांगितलं.

"आवाज बदललाय," ती म्हणाली. "वाचणारी बाई ती न्हाई. नूरजहाँ आपा वारल्या. मी त्यांची मुलगी रेहाना. मागच्या तुकड्यात नायिका दारात उभी होती. आता ती बाहेर पडतीय."

आणि सरळ, कोरडं वाचत गेली. रडणं सगळं माझ्या वाटणीला आलं आणि मी ते आवाज न करता पार पाडलं. पुण्याला आम्ही कळवून टाकलंय, पुस्तक न्यायचं तर दोन्ही बायकांसकट, पानांसकट, गिरणीसकट न्या. त्यांचं उत्तर यायचंय. न आलं तरी आमचं काही अडलेलं नाही.

नायिका त्या दिवशी वेशीपर्यंत पोहोचली. रेहानानं चिंधी पानात सरकवली त्याचा बारीकसा आवाज मला ऐकू आला.

"इथं खूण ठेवली," ती म्हणाली. मग जरा दबकत, "मावशी, बाकीचं उद्या?"

"उद्या," मी म्हणाले. "लाईट जाणारच हाय."