शैलाताईंचा तीन रकान्यांचा फळा

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. हिंजवडीच्या अलीकडे बस रोजच्यासारखी अडकली होती आणि आजूबाजूची मुलं खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेत होती. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, अनिलदादांचा. "रंजना, ताई पहाटे गेली. फार त्रास नाही झाला..." एवढंच बोलले. मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मग काय करावं ते सुचेना, म्हणून ड्रायव्हरला दार उघडायला लावलं, खाली उतरले आणि उलट्या दिशेने चालत सुटले. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींच्या मागे, आता रस्त्यावरून दिसतही नाही असं एक गाव आहे. त्याच्या वेशीवर शैलाताई खडूने फळा लिहीत उभ्या असायच्या. त्या गोष्टीला महिना झाला. लिहायला बसले आहे खरी, पण जे लिहायचं आहे ते सोडून बाकीचं सगळं आधी आठवतंय.

शैलाताई पिंपरीच्या एका कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होत्या. उदारीकरणाचे दिवस आले, कारखान्याने माणसं कमी करायला घेतली, आणि स्वेच्छानिवृत्ती म्हणजे काय हे कामगारांना समजावून सांगायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. सगळ्यांना सांगून झाल्यावर शेवटचा अर्ज त्यांनी स्वतःचा भरला. "स्वेच्छा कोणाची, ते विचारू नकोस," एवढंच त्यावर म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. राहायला येरवड्याला, तुरुंगापासून दोन गल्ल्यांवर. कोणी पत्ता विचारला की सांगायच्या, "येरवड्याला. बाहेर." समोरच्याला कळलं नाही तर परत सांगायच्या भानगडीत पडत नसत.

त्या गावाला लागून एक बंद पडलेला कारखाना होता. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतात त्या गॅसबत्तीत एक पांढरी जाळी असते ना, ती तिथे बनायची. जाळी लख्ख उजळावी म्हणून तिला लावायचं रसायन किरणोत्सर्गी होतं. घरोघरी वीज आली, बत्त्यांचं गिऱ्हाईक गेलं, आणि मालकाने उरलेली पूड मागच्या आवारात पुरून कुलूप लावलं. पुढे आयटी आली, जमिनीला भाव आला. एका कंपनीने जागा बघितली आणि माती तपासायला आलेल्या माणसाच्या हातातलं यंत्र टकटकायला लागलं. मग पत्र्याचं कुंपण आलं, पांढरे डगले घातलेले लोक माती खरवडून पिंपांत भरू लागले. गावात कोणी म्हणे बॉम्ब पुरलाय, कोणी म्हणे इथल्या पोरी आता कोणी करून घेणार नाही. सफाईचं कंत्राट घेतलेल्या कंपनीला गावाशी बोलणारं कोणीतरी हवं होतं. तिघं जण येऊन, बघून, परत गेले. शैलाताई राहिल्या.

मी त्यांची मदतनीस. वर्ध्याकडून आलेली, पत्रकारितेची पदविका हातात, कर्वेनगरात चार मुलींबरोबर एका खोलीत. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "खोटं बोलता येतं का?" मी गडबडून म्हणाले, "नाही मॅडम." त्या म्हणाल्या, "म्हणजे येतं. असू दे. इथे बोलायचं नाही. आणि मॅडम नको, ताई म्हण." माझं बोलणं ऐकून त्यांना फार मौज वाटे. मी कागदात डोकं घालून बसले की मागे येऊन उभ्या राहत आणि अगदी माझ्याच सुरात विचारत, "काय करून राहिली बाई?" घर सोडून आल्यापासून माझी अशी चेष्टा कोणी केली नव्हती. मला पुण्यात पहिल्यांदा आपलं माणूस भेटलं ते असं.

पेठांतल्या चौकाचौकांत मंडळांचे फळे असतात, तसा एक फळा त्यांनी सुताराकडून करवून घेतला आणि गावच्या वेशीवर एसटी थांब्याशेजारी उभा केला. त्यावर तीन रकाने. माहीत आहे, माहीत नाही, आज काय करणार. रोज सकाळी यंत्राचा आकडा बघायचा आणि तिन्ही रकाने भरायचे. मधला रकाना बहुतेक वेळा सगळ्यांत लांब असायचा. कंपनीचे साहेब वैतागले. "अहो, माहीत नाही हे कशाला जाहीर करायचं? लोक घाबरतात." ताई म्हणाल्या, "घाबरलेलेच आहेत. निदान कशाला घाबरायचं ते तरी कळू दे." फळ्याचा आणखी एक नियम होता. काही चुकलं तर पुसायचं नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी खरं काय ते लिहायचं. संध्याकाळी आख्खा फळा, रेघांसकट, एका लांबट वहीत उतरवून घ्यायचा. सातवी शिकलेली कमलवहिनी रोज शेतावर जाताना थांबायची आणि बायकांना तो मोठ्याने वाचून दाखवायची. वाचून झालं की ताईंकडे बघून विचारायची, "बराबर हाय का?" ताई मान डोलवायच्या. हळूहळू गाव ताईंना ओट्यावर बसवून घेऊ लागलं.

आता विहिरीचं.

सफाई सुरू झाली तेव्हा खबरदारी म्हणून गावची विहीर बंद करून टँकर सुरू केला होता. टँकर कधी येई, कधी नाही. बायका मेटाकुटीला आल्या आणि विहिरीचं पाणी चालेल का ते एकदाचं सांगा म्हणून ताईंच्या मागे लागल्या. नमुना घ्यायला ताईंनी मला पाठवलं. रीत शिकवून ठेवली होती. पोहरा आपण सोडायचा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, भरायची आणि तिथेच काठावर उभं राहून चिठ्ठी चिकटवायची. चैत्रातलं ऊन होतं. विहीर कमलवहिनीच्या घरामागच्या उतारावर. वहिनीने मला ओट्यावर बसवलं, पोह्यांची बशी हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही खावा निवांत, म्या आणते भरून." मी बसले. ती आत गेली आणि फार लवकर बाहेर आली. बाटलीतलं पाणी स्वच्छ होतं. विहिरीचं पाणी त्या दिवसांत गढूळ असतं हे मला माहीत होतं. मी बाटलीकडे पाहिलं, मग पोह्यांकडे पाहिलं, आणि चिठ्ठी चिकटवली.

अहवाल चांगला आला. फळ्यावर लिहिण्याआधी ताईंनी विचारलं, "बाटली तू भरलीस ना?" मी म्हणाले, "हो ताई." त्यांनी पहिल्या रकान्यात ठळक लिहिलं, विहिरीचं पाणी प्यायला चालेल. तरी म्हातारी माणसं कां-कूं करत होती. "आधी तुम्ही पिऊन दावा," एका आजीने ऐकवलं. ताई सगळ्यांसमोर फुलपात्रभर पाणी घटाघटा प्यायल्या. नुसतं तेवढ्यावर थांबल्या नाहीत, त्या दिवसापासून घरची पाण्याची बाटली आणणंच बंद केलं. गावात असतील तोवर त्याच विहिरीचं पिणार. टँकर बंद झाला, पोहरे परत सुटू लागले. ताई पाणी पीत असल्या की मी दुसरीकडे बघायचे... कधीतरी सांगू, असं रोज म्हणायचे.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन नमुना घेऊन गेला. पाणी पिण्यालायक नव्हतं. साहेब म्हणाले, आधी टँकर येऊ दे, मग बघू कसं सांगायचं. ताईंनी मला बाजूला घेतलं. "रंजना, ती पहिली बाटली. तूच भरली होतीस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. तेव्हाही मी "हो" म्हणाले. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की त्या माझ्याकडे आता जशा बघतात तशा परत कधी बघणार नाहीत. त्या "बरं" म्हणाल्या आणि सरळ वेशीवर गेल्या. तीन आठवडे पहिल्या रकान्यात असलेल्या त्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, पाणी पिऊ नका. मी चुकले. खाली नाव, शैला. मग घरोघर जाऊन तेच तोंडाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फळ्याला शेण फासलेलं होतं. ज्या ओट्यांवर चहा मिळायचा तिथून बायका उठून आत जाऊ लागल्या. परवानगीवाचून लिहिलं म्हणून कंपनीने महिनाअखेर त्यांना काढून टाकलं आणि गावात चकचकीत पत्रकं वाटली. मी तेव्हाही गप्प राहिले, आणि सहा महिन्यांत एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायच्या कामाला लागून तिथून पळाले. पळालेच, दुसरा शब्द नाही. ताई मात्र दर गुरुवारी येरवड्याहून दोन बस बदलून गावात जात राहिल्या. आकडा विचारायच्या, फळा धुवायच्या, तीन रकाने भरायच्या. कोणी वाचायला थांबत नसे. शेवटचं पिंप गाडीत चढेपर्यंत त्यांनी एक गुरुवार चुकवला नाही. कोणी बसवून घेतलं नाही तरी.

गेल्या वर्षी त्यांना कर्करोग निघाला. तेव्हापासून मी झोपेतही ते फुलपात्र बघते. डॉक्टरांना मी एकटीने गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, एवढ्याशा पाण्याने होईल असं वाटत नाही, पण खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. शेवटची भेट दिवाळीनंतरची. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक छोटी पाटी टांगलेली होती, त्यावर तेच तीन रकाने, आता औषधांचे. मी धीर करून म्हणाले, "ताई, त्या विहिरीमुळे तर नसेल ना?" त्या जरा हसल्या. "मधल्या रकान्यात लिही." मग त्यांनीच विचारलं, "आणखी काही सांगायचंय का तुला?" मला सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मी म्हणाले, "नाही ताई. तुम्ही आराम करा." त्या म्हणाल्या, "बरं." तोच तो "बरं." माझ्या आयुष्यात मी इतकी भित्री कधीच नव्हते, आणि त्याचं प्रायश्चित्त घ्यायला आता समोर कोणी नाही.

दिवसवार काही करायचे नाहीत असं ताई सांगून गेल्या होत्या. दहाव्या दिवशी घरी नुसती माणसं जमली. गावाकडून एकच बाई आली, कमलवहिनी. केस पिकलेत. ताईंच्या फोटोसमोर हात जोडून झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, ती बाटली म्या टँकरच्या पाण्यानं भरली व्हती. तुम्ही शहरातनं आलेल्या, ते पाणी हापिसात जायाचं, गढूळ कसं द्यायचं म्हून फडक्यानं गाळून चांगलं पाणी दिलं. मला काय ठावं तपासतात कशाला! ताईंनी 'मी चुकले' लिवलेला फळा वाचला तवा कळलं. त्याच सांजेला ताईंच्या पायावर पडले. ताई म्हनल्या, कुणापाशी बोलू नगंस, गाव तुला जगू द्यायचं न्हाई. आन् त्या पोरीला बी सांगू नगंस. सांगायचं तवा ती आपणहून सांगंल."

म्हणजे ताईंना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जायचे तेव्हा, माझ्या मुलीचं बारसं जेवल्या तेव्हा, आणि त्या शेवटच्या दुपारी "आणखी काही सांगायचंय का" असं विचारलं तेव्हासुद्धा. त्या वाट बघत होत्या आणि मी त्यांना आराम करा म्हणत होते. त्या घरात, सगळ्या माणसांसमोर, मी तोंडावर पदर घेऊन ओक्साबोक्शी रडले. सगळ्यांना वाटलं ताईंसाठी रडतेय. ते खरंही होतं.

निघताना अनिलदादांनी फळ्याच्या वह्या माझ्या हातात दिल्या. "ताईनं सांगून ठेवलं होतं, रंजनाला दे." त्या तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होत्या. काल संध्याकाळी उघडल्या. ते पान शोधावं लागलं नाही, त्यात ताईंनी घडी घालून ठेवली होती. विहिरीचं पाणी प्यायला चालेल, त्यावर एक रेघ. शेजारी त्यांच्या गोल अक्षरात, पाणी पिऊ नका. मी चुकले. शैला. मी पेन घेतलं आणि "मी चुकले" या दोन शब्दांवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ताई चुकल्या नव्हत्या. बाटली मी भरली नव्हती, आणि दोनदा विचारल्यावर खोटं बोलले. रंजना. पानाच्या कडेचा तिसरा रकाना त्यांनी त्या दिवशी कोराच सोडला होता. त्यात लिहिलं, गुरुवारी गावात जाऊन हे सांगणार.

उद्या गुरुवार आहे.