अठरा खुंट्यांची खोली

बुधाजी धुरीला जगात कोणाचंच काही पटलं नाही. घोडपदेवच्या ज्या चाळीत त्याची हयात गेली तिच्यावर तर त्याचा विशेष राग. "बांधणाऱ्याला माणसं ठेवायचीच नव्हती, पेट्या रचायच्या होत्या," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. आणि त्यात खोटं काय होतं? तळमजला धरून चार मजले, मजल्यावर बावीस खोल्या, बावीस खोल्यांना मिळून चार संडास. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर माळा. लोक सागवानी खांबांचं कौतुक करत. शेटने सागवान घातलं ते हौसेने नव्हे, कुठल्याशा पडक्या गोदामाचं फुकटात मिळालं म्हणून, असं बुधाजीचं मत. पुरावा काही नाही, पण मत ठाम.

दुसऱ्या मजल्यावरची त्याची खोली मुळात त्याची नव्हतीच. ती कातळशेत गावाची. गिरणीत लागलेल्या गावकऱ्यांनी मिळून ती घेतली आणि तीन पाळ्यांतले अठरा जण तिथे राहू लागले. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीवाला उठे आणि त्याच पथारीवर दुसरा आडवा होई. जागा अशी कोणाची नव्हती. खुंटी मात्र ज्याची त्याचीच. भिंतीला अठरा लाकडी खुंट्या, अठरा घरांच्या. दुसऱ्याच्या खुंटीला टॉवेल लावला म्हणून मारामाऱ्या झाल्या होत्या. बाप गावी परतला की खुंटी मुलाला मिळे. भाडेपावतीला एकच नाव लागतं, म्हणून वयाने मोठ्या गणपत परबाचं घातलं. सगळं शब्दावर. कागद करून ठेवावा एवढी अक्कल अठरा डोक्यांत मिळून नव्हती. गावकऱ्यांच्या मंडळाची एक वही होती, ती वाळवीने खाल्ली.

गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली. खुंट्या राहिल्या आणि बुधाजी राहिला. लग्न त्याने केलं नाही. त्याच्या पसंतीला उतरेल अशी मुलगी अजून जन्मायची होती. आता गावचे लोक येतात ते नोकरीला नाही, परळच्या इस्पितळांत. सध्या चाळिशीचा मनू आलेला. त्याच्या बापाच्या घशाला गाठ होती आणि इस्पितळात उपचार चालू होते. मनूला साधे तांदूळ निवडता येत नाहीत म्हणून बुधाजी रोज त्याला बोले, आणि रोज त्याच्या बापासाठी मऊ पेज करून डबा भरून देई.

दोन वर्षांपूर्वी या खोलीत अनुजा आली होती. वास्तुकला शिकणारी पोर, गळ्यात कॅमेरा, हातात मोजपट्टी. जुन्या चाळींवर तिच्या कॉलेजला पुस्तक काढायचं होतं. तिने माळ्याची उंची मोजली, मोरीचा कठडा मोजला, खिडकीचे गज मोजले. बुधाजीला हसू आवरेना. ज्या खुराड्यातून सुटायला तीन पिढ्या धडपडल्या ते ही बया वहीत उतरवून घेतेय! मग तिने खुंट्या मोजल्या आणि एकेकीला बोट लावून विचारू लागली.

"काका, ही कोणाची होती? आणि ही?"

अठराच्या अठरा नावं बुधाजीला झोपेतही पाठ होती. पण ती या टिकलीएवढ्या पोरीला कशाला सांगायची?

"लिही गो बाय! सगळ्या खुंट्या गणपत परबाच्या. अठरा सदरे होते तेका. राजा होतो तो!"

पोरीने इमानदारीत लिहून घेतलं. खाली त्याची सही मागितली, ती त्याने न वाचता झोकात ठोकली. संध्याकाळी गॅलरीत हा किस्सा त्याने तीनदा रंगवून सांगितला. शिकलेली माणसं किती बावळट असतात, याचा त्याला आयता दाखला मिळाला होता.

यंदा चाळ पाडून टॉवर करायचं ठरलं. खोलीच्या बदल्यात फ्लॅट मिळणार म्हटल्यावर गणपतचा नातू हितेंद्र उगवला. ठाण्यात राहणारा, या उंबऱ्यावर कधी पाऊल न ठेवलेला. पावती आजोबांची, म्हणून फ्लॅट माझा, असं त्याचं सरळ गणित. "गणपतच्या वंशाला हा दिवा!" म्हणत बुधाजीने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. फ्लॅट गावाला मिळाला नाही, तर त्याला स्वतःलाही पाठ टेकायला जागा उरणार नव्हती.

फ्लॅट कोणाचा, हे ठरवायच्या सुनावणीला तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. अधिकारी बाईंनी विचारलं, "खोली गावाची होती, याला पुरावा काय?"

"भिंतीवर आहे, मॅडम. येऊन बघा. एका घराला अठरा खुंट्या कशाला लागतात?"

"मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. बुधाजीने हितेंद्रकडे मोरीतल्या झुरळाकडे बघावं तसं बघितलं.

हितेंद्रने शांतपणे पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढून बाईंपुढे ठेवलं. पानभर खोलीचं चित्र, त्यात एकेक खुंटी सुबक काढलेली. खाली छापलं होतं: अठराही खुंट्या गणपत परब यांच्या वापरातील. माहिती, बुधाजी धुरी. आणि तीच झोकदार सही.

"ही सही तुमची?"

"माझीच. पण मॅडम, ती थट्टा होती. पोरगी उगाच…"

"थट्टेवर कोण सही करतं, काका?" हितेंद्र म्हणाला.

बुधाजी घाईघाईने नावं सांगू लागला. पहिली गणपतची, दुसरी माझ्या बापाची, तिसरी रामा घाड्याची, चौथी मनूच्या आजाची… अठराच्या अठरा, एकही न चुकता. या वेळी कोणी लिहून घेतलं नाही.

घरी आला तेव्हा चौथ्या खुंटीला एक्स-रेची पिशवी लटकत होती. मनू जमिनीवर ताटात तांदूळ निवडत बसला होता, अगदी एकेक दाणा बघत.

"काय झाला, काका? रवली मां खोली?"

"गेली. दुसऱ्या कोणी नाय, मी घालवली." एवढं बोलायला बुधाजीला सत्तर वर्षं लागली.

मनूने ताट बाजूला सरकवलं. "उद्या बापाशीक सोडतत, पुढच्या महिन्यात परत बोलावल्यानी हा," तो म्हणाला. "मगे तेका आणू खंय?"