भीमाबाईचा भुईचाफा

पाथर्डीकडच्या भीमाबाईला झाडांचं भारी वेड, आणि नशीब असं की निम्मं वर्ष ती घरीच नसायची. दसरा झाला की नवरा-बायको कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत. तोवर मोगरा वाळून जायचा. टिकला तो एकटा भुईचाफा. घरामागं लिंबोणीच्या गार सावलीत त्याचं बेट होतं, उन्हाचं त्याला वावडं. जाताना पानं हिरवी असायची आणि परत यावं तर पानांचा पत्ता नाही, भुईतून थेट पांढरी-जांभळी फुलं वर आलेली, जणू तिचीच वाट बघत. पानं शेळ्यांनीच खाल्ली असं धरून ती दरसाल सासूच्या शेळ्यांना शिव्या घालायची. म्हातारी नुसती हसायची.

यंदा गुडघ्यांनी जवाब दिला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भीमाबाई थंडीत घरी राहिली, आणि जोडीशिवाय तोड होत नाही म्हणून नवराही. सासू पावसाळ्यातच गेली, तिच्यामागं शेळ्याही विकल्या होत्या. तरी दिवाळी सरली तशी भुईचाफ्याची पानं पिवळी पडायला लागली. रोज हापशावरून दोन कळश्या आणून तिनं बेटात ओतल्या, वर शेणखत घातलं.

"मला कवा येवढं पानी इचारलं न्हाईस!" नवरा गहिनीनाथ म्हणाला.

"तुमी वाळताय व्हय?" तिनं फटकारलं.

पानं पार झडली. मग तर ती तीन कळश्या ओतू लागली. आपण नव्हतो तेव्हा जगलं आणि आपण घरी बसलो तर मेलं, हे तिला फार लागलं. घरातलं काही आपल्या हाताला यायचंच नाही का, असं तिला वाटायचं.

संक्रांतीला लेक रोहिणी केडगावहून आली. तिनं घरामागचा चिखल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"आई, काय करून ठिवलंस हे? झोपलंय ते! दरसाल थंडीत झोपतं. पानी घालायचं नसतं!"

तिनं खुरपं घेतलं. गड्डे वर आले ते सगळे कुजलेले, वास मारणारे. रोहिणीनं एकेक चाचपून पाहिला. अंगठ्याएवढा एकच कडक निघाला. तो तिनं पुसला, सावलीत सुकवला, राख चोळून लिंबोणीखाली कोरड्या मातीत पुरला.

"चैतापर्यंत थेंब घालशील तर बघ."

"पर तुला गं कसं ठाव?"

"आजीनं सांगितलं हुतं," एवढंच म्हणून ती चहा टाकायला गेली.

पुढचे अडीच महिने भीमाबाईनं काढले कसे, तिचं तिला ठाऊक. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं परवडलं, पण हात बांधून बसणं महाकठीण. रोज सकाळी जाऊन ती कोरडी माती बघायची. कधी कळशी उचलायची, परत ठेवायची. गड्डा आत जिता आहे की मेलाय, कळायला मार्ग नव्हता.

चैत्रात एका सकाळी माती जराशी फुटलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तिथं फूल होतं. एकच, पण टवटवीत. भीमाबाईला रडूच कोसळलं. तिनं तशीच रोहिणीला फोन लावला.

"आलं गं, आलं! जगलं बाई!"

पलीकडं रोहिणी हसली. मग म्हणाली, "आई, ल्हानपनी साळंला जायच्या आधी मी रोज तिथं जाऊन बसायची. आजी म्हनायची, फूल आलं की चार दिसांत तुझी आई येती. एका साली आलंच न्हाई लवकर. मी उकरून बगितलं, तर आजीनं मारलं मला."

फूल आपलीच वाट बघत असतं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"तवा का न्हाई गं बोललीस मला?" तिनं कसंबसं विचारलं.

"तवा तू कुठं हुतीस, आई?" रोहिणी म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता.