फितुरासाठी शोधलेलं कारण

भांडायची मला लहानपणापासून खोड. इकडे गुजरातेत, कडोदऱ्याच्या ज्या कारखान्यात मी कापडाचे ताके तपासते, तिथला मेहताजीसुद्धा माझ्याशी जपून बोलतो. त्यामुळे मालिकेतल्या त्या द्वारपालाला सगळं जग शिव्या घालतंय म्हटल्यावर मी त्याच्या बाजूनं उभी राहणार, हे ठरलेलंच होतं.

मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. बर्फातलं एक शहर, भोवती तट, आणि तटाला नदीच्या बाजूनं एक दरवाजा. सहा पर्वं त्या दरवाजाचा राखणदार इमानानं पहारा देतो आणि सातव्यात, ऐन वेढ्यात, शत्रूला आत घेतो. का, ते कुणी सांगत नाही. पुढच्याच भागात त्याला मारतात आणि विषय संपवतात. माझं डोकं फिरलं. अरे, इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला काहीतरी झालं असेल की नाही?

दुसऱ्याची पात्रं घेऊन आपण आपली गोष्ट लिहायची, त्याला फॅन फिक्शन म्हणतात, हे मला धाकट्या बहिणीनं सांगितलं. ती गुजराती शाळेत शिकली, मराठी वाचताना अडखळते, पण असल्या गोष्टी आधी तिलाच कळतात. तिनं मोबाईलवर ॲप घालून दिलं आणि मी बमरोली ते कडोदरा शटल रिक्षात, दोन बायकांच्या मध्ये अंग चोरून, अंगठ्यानं मराठीत लिहायला लागले. द्वारपालाला मी एक मुलगी दिली. नऊ वर्षांची. तापानं फणफणलेली. शहरातली औषधं संपलेली, ती होती फक्त शत्रूच्या छावणीत. बापानं दरवाजा उघडला तो तिच्यासाठी.

काय सांगू, लोक ढसाढसा रडले! जळगावची एक बाई रोज कमेंट करायची, की ताई, आता त्याला शिवी देववत नाही. मला आनंद झाला, पण त्यात थोडी चोरीसुद्धा होती. कारण ती मुलगी मला सुचलेली नव्हती. ती मीच होते.

आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, आमच्या भाऊबंदांत फितूर म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. मी चौथीत होते. बमरोलीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात तेव्हा आमच्या गावची सगळी माणसं कामाला होती, आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊही. एक दिवस थोरल्या काकांचा उजवा हात मशिनीत गेला आणि दोन बोटं गेली. मालकानं हात वर केले. मग सगळ्यांनी आमच्या कानबाईदेवीची शपथ घेतली, की काकांचा दवाखाना मालक करत नाही आणि त्यांना कामावर ठेवत नाही, तोवर कुणी लूम चालवायचा नाही. सात दिवस कारखाना बंद होता. आठव्या दिवशी एक माणूस आत गेला आणि त्यानं लूम सुरू केला. तो माणूस आप्पा. दुसऱ्या दिवशी आणखी चारजण गेले आणि संप मोडला. काकांनी पुढं आयुष्य भाजीच्या हातगाडीवर काढलं.

आमच्या घरात याचं एकच उत्तर होतं, आणि ते मायचं. “पोरगी तापानं मरायला टेकली होती, बाप काय करेल?” नळावर, लग्नात, जिथं विषय निघेल तिथं ती हेच सांगायची. आप्पा गप्प असायचे. मी मात्र ते मनावर घेतलं होतं. माझ्यापायी बापाला फितूर व्हावं लागलं, हे ओझं मी घेऊन मोठी झाले.

आणि त्याची शिक्षा दरवर्षी दिसायची. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, ती थोरल्या काकांच्या घरी. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजतात ते माणसागणिक. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. ते रोट फक्त आपल्या माणसांनीच खायचे. त्या वर्षापासून काकांनी आप्पांची मूठ टाकली नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही, लग्नकार्याला बोलावणंही यायचं. फक्त मूठ नाही. आप्पा त्या दिवशी घरात बसून राहायचे. आता त्यांना दम लागतो, जिना चढवत नाही, आणि मला एवढंच वाटायचं की त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा तरी ती मूठ पडावी. खरं सांगायचं तर गोष्ट लिहिण्यामागं माझा डावच तो होता. सगळ्या जगाला रडवलं, तर काकांनाही पाझर फुटेल. मी ती छापून त्यांच्या हातात देणार होते.

त्याआधी बहिणीनं ती आप्पांच्या मोबाईलवर काढून दिली. रविवारी सकाळी ते खाटेवर बसून, ओळीखाली बोट फिरवत, मोठ्यानं वाचत होते. मी भाजी निवडत कान देऊन होते. मुलीच्या तापापाशी ते थांबले.

“हाई खोटं शे,” ते म्हणाले.

“गोष्ट आहे, आप्पा. खोटीच असते.”

“तुना ताप नंतरना शे, बेटा.”

आप्पा घरात अहिराणीच बोलतात. पुढचं मी माझ्या मराठीत लिहिते. ते म्हणाले, ताप तुला आला तो मी कामावर गेल्यावर, दोन दिवसांनी. मी तेव्हा कारखान्यात होतो. भाऊंनीच तुला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे नेलं. हाताला पट्टी होती त्यांच्या, तसंच नेलं.

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. तापातलं मला एवढंच आठवतं की मी कुणाच्या तरी खांद्यावर होते आणि गालाला काहीतरी पांढरं, जाड कापड लागत होतं. तो खांदा मी आयुष्यभर आप्पांचा समजत होते.

“मग का गेलात?” मी ओरडलेच. “कशासाठी गेलात?”

मोबाईल खाटेवर ठेवून ते सांगू लागले. सातव्या दिवशी मालकाचा माणूस घरी आला होता. म्हणाला, शेठ म्हणतात, सगळ्या कारखान्यात खरा कारीगर एकच, बाकी नुसती माणसं. तू नसलास तर कारखाना चालवायचा कशाला! “आजवर जो तो भाऊलाच हुशार म्हणायचा,” आप्पा म्हणाले. “मला असं कुणी म्हटलं नव्हतं. बरं वाटलं मला. सकाळी उठलो आणि गेलो.”

एवढंच? अरे देवा, एवढंच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठनं पाठीवर हात फिरवला म्हणून तुम्ही सख्ख्या भावाची भाकर घालवलीत, आणि नाव माझं पुढं केलंत? मी नको नको ते बोलले. माय आतून बाहेर आली, तिलाही सोडलं नाही. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, लोकांना काय सांगू मग? शेजारणी तोंडावर थुंकल्या असत्या.

आठवडाभर मी आप्पांशी बोलले नाही. रिक्षात मोबाईल उघडायचे आणि त्या द्वारपालाकडे बघत बसायचे. त्याला आजारी मुलगी देऊन मी त्याला किती स्वस्तात सोडवलं होतं! शेवटी ती मुलगी काढून टाकली. त्याऐवजी शत्रूच्या दूताला त्याच्या पहाऱ्याचं कौतुक करायला लावलं आणि त्याला खुलवलं. वाचणाऱ्यांनी मला धुऊन काढलं. जळगावची बाई म्हणाली, ताई, तुम्ही आमचा विश्वासघात केलात. मला तिच्याशी भांडावंसंसुद्धा वाटलं नाही. पण एक विचित्र झालं. लिहिताना मला त्या माणसाची पहिल्यांदा खरी कीव आली आणि त्याचा खरा रागही आला, दोन्ही एकदम.

नवा भाग आप्पांनी वाचला. कानबाईचे गहू मोजायच्या दिवशी दुपारी त्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि मला म्हणाले, चल, जिना चढताना हात दे.

काका भुईवर बसले होते, पुढं गव्हाची टोपली, बाजूला त्यांची सून. आम्हाला बघून त्यांचा हात थांबला. आप्पा दारातच उभे राहिले आणि जे मला सांगितलं होतं तेच, धापा टाकत, तितक्याच थोड्या शब्दांत सांगून मोकळे झाले. पोरीचा काही संबंध नव्हता, भाऊ. शेठनं मला चांगला कारीगर म्हटलं म्हणून मी गेलो.

“मला माहीत नाही होय?” काका म्हणाले. “तिला दवाखान्यात नेली कुणी? मीच ना? आणि दोन दिवसांनी नळावर ऐकतो तर काय, पोरीच्या तापासाठी गेला. मी कसा बोलणार रे? बोललो असतो तर लोक म्हणाले असते, पोरीच्या जिवापेक्षा याला दोन बोटं मोठी. मला रागवायलासुद्धा जागा ठेवली नाहीत तुम्ही!”

मला भुई दुभंगावी असं झालं. मी काकांना रडवायला निघाले होते, तीच गोष्ट घेऊन.

मग काकांच्या तोंडाचा पट्टा सुटला. आईबापापासून सुरुवात करून, मालकावरून, शपथेवरून, हातगाडीवरून, उन्हातान्हातल्या एकेका फेरीवरून त्यांनी आप्पांना जे काही झोडपलं, ते खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन ऐकत होती. इतक्या वर्षांचा माल होता तो. आप्पा मान खाली घालून उभे होते आणि प्रत्येक शिवीला ‘हो’ म्हणत होते. मी मध्ये पडले नाही. माझ्यासारखी मी, पण पडले नाही.

अखेर काकांचा आवाज बसला. सुनेनं पाणी दिलं, ते काका घटाघटा प्यायले. तांब्या खाली ठेवला आणि आप्पांकडं न बघताच विचारलं, “घरात पुरुष किती तुझ्या?”

“मी एकटाच, भाऊ.”

काकांनी टोपलीत हात घातला. तीन बोटांच्या मुठीतून दाणे सांडत होते, सून पुढं झाली तसं त्यांनी तिला डोळ्यांनीच मागं सारलं. मूठ परातीत रिकामी केली, वर पाव मूठ टाकली. आप्पा अजून दारातच, चौकटीला धरून उभे होते.

“बठ आते खाले,” काका म्हणाले आणि शेजारची भुई दाखवली.