पिचर हम्मादचं कोपर

हम्मादचं उजवं कोपर पूर्ण सरळ होत नसे. लहानपणी दाभोळच्या जेटीवरून होडीत उडी मारताना ते मोडलं आणि हाडवैद्याने बसवलं ते जरा वाकडंच. त्यामुळे कामाधंद्यात काही अडलं नाही, पण क्रिकेटमध्ये त्याने बॉलिंग टाकली की समोरचे ओरडायचे, "फेकतोय, फेकतोय!" तो शपथा घ्यायचा, बाही वर करून कोपर दाखवायचा. लोक म्हणायचे, "बरं निमित्त सापडलंय याला." काही न करता सारखं खोटं ठरलेला माणूस हळूहळू दुसऱ्याचंही खरं मानेनासा होतो. हम्मादचं तसंच झालं. कोणी त्याला बरा दिसतोस म्हटलं, तरी तो आधी विचार करायचा की याचं माझ्याकडे काय काम असेल.

१९९३ साली तो दुबईला आला. रास अल खोरच्या एका गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम होतं. खोलीत त्याच्यासोबत संगमेश्वरकडचा दत्ताराम होता, तो तर संशयात याच्याही चार पावलं पुढे. शुक्रवारी गोदामांमागच्या रेताड मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस चालायच्या आणि तिथेही "थ्रो, थ्रो" हा गलका काही चुकला नाही.

अशाच एका मॅचला रस्त्याकडेला पांढरा पिकअप येऊन थांबला. आत एक गोरा माणूस एकटाच बसून बघत होता. बराच वेळ झाला तरी हलेना.

"सीआयडी असणार," दत्ताराम कुजबुजला. "व्हिसे तपासायला आलाय. यल्ला, सटक."

हम्माद बॉल टाकून चालू लागला. पिकअप मागोमाग आला.

"तू फेकतोस ना?" गोऱ्याने काच खाली करून विचारलं.

"नो सर, बॉलिंग. माय एल्बो..."

"मला फेकणाराच पाहिजे," गोरा म्हणाला.

तो बर्क. एसीच्या हवेचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर होता, मूळचा अमेरिकेचा. पाचसहा कंपन्यांनी मिळून बेसबॉलची लीग चालवली होती आणि बर्कच्या टीमला पिचर हवा होता. बेसबॉलमध्ये बॉलला टप्पा नसतो. तो सरळ बॅट्समनच्या समोरून, त्याच्या मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फेकायचा. मॅचचा पहिला बॉल ज्याच्या हातात देतात तो स्टार्टिंग पिचर. सगळी टीम त्याच्या खांद्यावर उभी असते.

"नुसता बॉल फेकायचा पगार?" दत्ताराम म्हणाला. "हबीबी, किडनी काढतील तुझी."

हम्मादलाही तेच वाटत होतं. तरी तो गेला. व्हिसावर 'स्टोअरकीपर' लिहिलं होतं, पण स्टोअरची किल्ली त्याने कधी पाहिली नाही. सकाळी व्यायाम, दुपारी थोडं पॅकिंग, संध्याकाळी फेकणं. पहिलं वर्षभर तो रोज वाट बघत होता की आज यांचा खरा डाव कळेल. डाव काही निघाला नाही. फेकतो म्हणून आयुष्यभर ज्याला हुसकावलं, त्याच्यासाठी आता लोक टाळ्या वाजवत होते. खोलीवर परतल्यावर तो एकटाच हसायचा आणि मग हसलो म्हणून स्वतःवरच चिडायचा.

त्याचा कॅचर होता रेनाल्दो, सेबूचा फिलिपिनो, फॅक्टरीत पत्रे वाकवणारा. अबोल माणूस. दोन पायांवर बसून तो बोटांनी खूण करायचा. एक बोट म्हणजे वेगवान बॉल, दोन बोटं म्हणजे हळू. हम्मादचा हळू बॉल भारी होता. बॅट फिरून जायची आणि बॉल मागून यायचा. त्या जोरावर दोघांनी सलग तीन वर्षं टीमला फायनलला नेलं.

१९९८ साली हे गणित बिघडलं. बंदरावरच्या एका कंपनीची टीम हम्मादचे हळू बॉल असे मारू लागली, जणू आधीच कानात कोणी सांगितलं होतं. वेगवान बॉलला फसायचे, हळू बॉलची मात्र वाट बघत उभे असायचे.

खूण ठाऊक असणारे दोघेच. मी आणि रेनाल्दो, हम्मादने हिशेब केला.

त्यात दत्तारामने बातमी आणली. "तुझा तो फिलिपिनो सत्वाच्या कॅफेटेरियात बसला होता. कोणासोबत, सांग? बंदरवाल्या टीमच्या माणसासोबत. गेल्या शुक्रवारीही तिथेच होता. बिलही हाच देत होता."

मग हम्मादला सगळंच आठवू लागलं. रेनाल्दो हल्ली नजर चुकवतो. मॅचनंतर लवकर निघून जातो. परवा काही बोलायला आला आणि न बोलताच परत गेला.

पुढच्या मॅचला, बंदरवाल्यांसमोरच, हम्मादने ठरवलं की याला पकडायचं. खुणेच्या उलट बॉल टाकायचा, बॅट्समन फसला तर खूण फोडणारा हाच. रेनाल्दोने दोन बोटं दाखवली. हम्मादने मान हलवली आणि अंगातला सगळा जोर लावून वेगवान बॉल फेकला. बॅट्समन फसला, पण रेनाल्दोही फसला. हळू बॉलसाठी पुढे आलेल्या त्याच्या उघड्या हातावर बॉल आदळला आणि अंगठा मोडला.

रेनाल्दो मातीत बसून राहिला. बर्कने काय झालं विचारलं तेव्हा म्हणाला, "माझ्याकडून चूक झाली."

तक्रार का केली नाही याने? हम्मादच्या मनात आलं. चोर असल्याशिवाय कोण गप्प बसेल?

त्याची बायको रुखसार त्या वेळी व्हिजिट व्हिसावर आली होती आणि मैदानाच्या कडेला छत्री धरून बसली होती. संध्याकाळी जेवताना त्याने तिला सगळा कट उलगडून सांगितला.

"मला खेळातलं कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण तुम्ही हळू टाकणार हे मला बाजूने आधीच कळायचं."

"कसं कळायचं?"

"कोपर बाहेर येतं तुमचं. कोंबडीने पंख काढावा तसं."

"काहीतरीच."

तिने टोपलीतून एक कांदा काढून त्याच्या हातात ठेवला. "टाका. मी बाजूला उभी राहते."

हळू बॉलसाठी कांदा तळहातात खोल दाबावा लागला. रुखसार म्हणाली, "हळू." मग नुसत्या बोटांत धरला. "जोरात." तो मुद्दाम उलटसुलट करत राहिला आणि ती एकदाही चुकली नाही. शेवटी तो आरशाकडे बाजू करून उभा राहिला. पूर्ण सरळ न होणारं ते कोपर, मूठ दाबली की आपोआप बाहेर येत होतं. समोरून डाव्या हातातल्या ग्लोव्हमुळे दिसत नव्हतं, बाजूला उभ्या असलेल्या बंदरवाल्यांच्या कोचला मात्र स्वच्छ दिसत असणार. तो मध्येच टाळी वाजवायचा ते हम्मादने ऐकलं होतं. प्रोत्साहन देतोय असं वाटलं होतं.

हम्माद पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठला आणि रेनाल्दो राहायचा त्या अल कूझच्या लेबर कॅम्पवर गेला. रेनाल्दो पलंगावर बसून डाव्या हाताने भात खात होता.

"सत्वाला कशाला जात होतास?" माफी मागायला आलेल्या हम्मादच्या तोंडून आधी हेच निघालं.

"तो माझा मेव्हणा," रेनाल्दो मोडक्या हिंदीत म्हणाला. "उनको तेरा स्लो बॉल मालूम है, हे त्यानेच सांगितलं. कसं मालूम, ते सांगेना. म्हणून खाऊ घालत होतो."

"मग मला का नाही बोललास?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मीच त्यांना सांगितलं." त्याने वर न बघता घास घेतला. "म्हणाला असतास ना?"

हम्माद पलंगाच्या कडेवर टेकला. तो अंगठ्याबद्दल सॉरी म्हणाला. रेनाल्दोने मान हलवली, पण "इट्स ओके" काही म्हणाला नाही.

अंगठा आखडलेलाच राहिला आणि रेनाल्दोला पुन्हा कॅचर होता आलं नाही. हम्माद मात्र खेळत राहिला. रुखसारने व्हिसा संपेपर्यंत रोज बाजूला उभं राहून त्याचा सराव घेतला, मग दोन्ही बॉलना कोपर सारखंच बाहेर काढायची सवय त्याला लागली. टीम दोनदा जिंकली. नवा कॅचर सांगेल तो बॉल तो निमूट टाकायचा. पण प्रत्येक खुणेला त्याची नजर त्या माणसाच्या उघड्या अंगठ्यावर जायची आणि त्यात वेग थोडा कमी झाला. २००२ मध्ये खांदा दुखायला लागला, बर्क अमेरिकेला परतला, कंपनीने टीम बंद केली. हम्मादला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या नव्या फॅक्टरीत खरोखरच स्टोअरकीपर केलं.

पुढच्या वर्षी रेनाल्दो कायमचा घरी निघाला. एअरपोर्टवर हम्माद त्याला सोडायला गेला. ट्रॉली घेऊन बाहेर उभा असताना रेनाल्दोने चिकटपट्टीने घट्ट बांधलेला एक खोका त्याच्या हातात दिला. सत्वातल्या एका गाववाल्याला पोचवायचा होता.

"हवं तर उघडून बघ," रेनाल्दो म्हणाला.

"नको," हम्माद म्हणाला. "खलास. पोचवतो."

टॅक्सी एअरपोर्टच्या बाहेर पडली तेव्हा त्याने खोका हळूच कानाशी नेऊन एकदा हलवून पाहिला. काही कळलं नाही. मग लाज वाटून त्याने तो मांडीवर ठेवला आणि सत्वा येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसला.