झेलीची खुर्ची

इंदूअक्का माप घेण्याआधी मत घेत. माझंही पहिल्याच भेटीत घेतलं. सांगलीहून नोकरीसाठी म्हैसूरला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. हेब्बाळच्या कंपनीत रोज गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून जायचं, आणि नव्या घेतलेल्या दोन्ही पँट कमरेत सैल. कुणीतरी सांगितलं, लष्कर मोहल्ल्यात एक मराठी बाई शिवतात, पुरुषांचंही शिवतात. गल्ली शोधत गेलो. उंबऱ्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच मशीनवर बसलेल्या साठीच्या एका बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मरेक परत यायला पाहिजे की नको?"

मी हबकलोच. मरेक कोण हे मला माहीत नव्हतं म्हणून नव्हे, चांगलंच माहीत होतं म्हणून. भल्या मोठ्या यानात बसून नवं घर शोधत फिरणाऱ्या माणसांची ती इंग्रजी चित्रपटमालिका मी शाळेत असल्यापासून बघत आलो होतो. तिचं नाव लांबलचक आहे. अक्कांच्या दुकानात तिला नुसतं 'यान' म्हणत. तोवर सात भाग झाले होते. पाचव्याच्या शेवटी कॅप्टन मरेक स्फोटात यानाबाहेर फेकला जातो, सगळे तो मेला असं धरून चालतात, आणि त्याच्या हाताखालची झेली कॅप्टनच्या खुर्चीत बसते. आता आठव्या भागाच्या जाहिरातीत अगदी शेवटी मरेकचा आवाज ऐकू आला होता, आणि जगभरचे चाहते एकमेकांच्या उरावर बसले होते. त्यातली एक छावणी लष्कर मोहल्ल्यात शिलाई मशीनभोवती पडली असेल, हे मला कुणी सांगून पटलं नसतं.

"यायला पाहिजे," मी म्हणालो.

"चुकलं," अक्का म्हणाल्या, आणि कपाटाच्या दारावर खडूनं एक रेघ ओढली. तिथं एका बाजूला 'यावा' म्हणणाऱ्यांच्या, दुसऱ्या बाजूला 'नको' म्हणणाऱ्यांच्या अशा पुष्कळ रेघा होत्या. "आता स्वल्प सरळ उभा रहा. आणि पोट आत ओढू नको रे, पँटला खोटं सांगून काय मिळतं?"

अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. त्या मूळच्या म्हैसूरच्याच, घराणं पिढ्यान्‌पिढ्या शिंप्याचं, घरात मराठी, पण दर चौथा शब्द कानडी. मग हे वेड लागलं कुठून? पहिला भाग आला तेव्हा गावातल्या एका चित्रपटगृहानं त्यांना खुर्च्यांची फाटलेली कव्हरं शिवायचं काम दिलं होतं. दुपारच्या खेळाला त्या बाल्कनीत कोपऱ्यात बसून हातानं टाके घालत आणि वर बघत. तो भाग त्यांनी अकरा वेळा बघितला. "भाषा कशाला लागते?" त्या म्हणायच्या. "कॉलर बघायची. कॉलरवरून कळतं कोण कुणाचं ऐकतो ते." आणि खरोखरच, चौथ्या भागात फितूर होणारा अधिकारी कोण हे त्यांनी मध्यंतरातच ओळखलं होतं म्हणे, त्याच्या अंगरख्याची शिवण नवी होती एवढ्यावरून. मी घरी जाऊन तो भाग परत लावला. शिवण नवी होती. मी तोंडात बोटं घालून बसलो.

दर रविवारी सकाळी अकराला दुकानात सभा भरे. बन्नूरहून बसनं येणारे शाळामास्तर महादेवप्पा विज्ञान शिकवायचे. निर्वात पोकळीत माणूस किती सेकंद जगेल हे ते दर आठवड्याला नव्यानं सिद्ध करत. शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा नझीर आपला कुठल्याच पक्षात नसे, पण दोन्ही पक्षांना चहा आणि चिथावणी पुरवी. आणि मी. आल्या गिऱ्हाइकाचं मत घेऊन रेघ ओढायचं काम महादेवप्पांकडे. अक्का बोलता बोलता पाय हलवत राहायच्या, मशीन थांबायचं नाही. त्यांच्या डोक्यावर भिंतीला त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो होता. तरणा चेहरा, डाव्या भुवईत खाच. दुकान त्यांचं, मशीनही त्यांचंच. कापड बेतणारे म्हणून अक्का त्यांना 'मास्तर' म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं. मास्तर गेल्यावर अक्कांनी एकटीनं दुकान चालवलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

वादात अक्का एकाच मुद्द्यावर अडून बसलेल्या असत. मी म्हणायचो, मरेक म्हणजे यानाचा प्राण आहे. त्या म्हणायच्या, "हागल्ला रे, तसं नाही. तो आला तर झेली कुठं बसणार, ते सांग." मी म्हणायचो, बसेल शेजारी. "शेजारी म्हणजे कुठं? दोन भाग तिनं यान चालवलं. पाणी संपलं तेव्हा चालवलं, अर्धी माणसं उलटली तेव्हा चालवलं. आता शेजारी?" मला ते बायकी हळवेपण वाटायचं. मी हसायचो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

एका रविवारी वाद फारच तापला आणि मी बोलून गेलो, "अक्का, उद्या तुमचे मास्तरच दारात येऊन उभे राहिले, तर तुम्ही हाकलून देणार का?"

नझीरनं मला कोपर मारलं. महादेवप्पा खाली बघायला लागले. हार घातलेल्या फोटोखाली बसलेल्या बाईला आपण काय विचारलं हे माझ्या ध्यानात आलं. अक्कांनी बॉबिन बदलली, दोरा ओवला. "हाकलणार कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पण बसवायचं कुठं?" मला वाटलं, त्यांनी मोठ्या मनानं विषय परत सिनेमावर आणला.

आठवा भाग शुक्रवारी लागला. अक्कांनी भर दुपारी दुकान बंद केलं, अशी गोष्ट गल्लीत कुणी पाहिली नव्हती. आम्ही चौघं एका रांगेत. मरेक पडद्यावर आला आणि थिएटर दणाणलं. मीही शिट्ट्या मारत होतो. दाढी वाढलेला मरेक दारातून आत येतो, काही बोलत नाही, कॅप्टनच्या खुर्चीकडे नुसता बघतो. झेली हसते. उठते. बाजूला होते. तो बसतो. टाळ्यांचा कडकडाट.

"उठली?" अक्का मोठ्यानं म्हणाल्या. "आपण होऊन उठली?"

पुढच्या रांगेतल्या पोरांनी मागं वळून बघितलं. अक्का आमच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर निघून गेल्या. मी मागोमाग गेलो, तर त्या बाहेरच्या पायरीवर बसलेल्या. 

"अक्का, सिनेमा आहे."

"बघितलास ना तू? ऊठ म्हणालासुद्धा नाही तो. नुसतं बघितलं. आणि ही उठली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या."

त्यानंतर दोन रविवार सभा झाली, पण मजा गेली होती. तिसऱ्या रविवारी आम्ही नववा भाग निघावा की नाही यावर कसंबसं भांडत होतो. दारात सत्तरीचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. वाळलेले, खांद्याला पिशवी, सदऱ्याची कॉलर विरलेली. अक्का मान खाली घालून एक अवघड बाही लावत होत्या. महादेवप्पांनी रिवाजाप्रमाणे खडू उचलला.

"आत या, पण आधी मत द्या," ते कानडीत म्हणाले, आणि समजावून सांगू लागले. एका यानाचा कॅप्टन असतो. तो नाहीसा होतो. खूप वर्षं जातात, सगळे समजतात मेला. मग एक दिवस तो परत येतो. आला ते बरोबर की चूक?

गृहस्थांचं लक्ष भिंतीवर होतं. बराच वेळ ते फोटोकडे बघत राहिले. मग मराठीत म्हणाले, "यान त्याचंच होतं ना? मग यावं की त्यानं."

महादेवप्पांनी रेघ ओढली. मशीन थांबलं.

मी फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. डाव्या भुवईत खाच.  महादेवप्पांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी खडू हळूच खिशात टाकला. आम्ही त्या माणसाकडूनच त्याच्या परत येण्यावर मत घेतलं होतं, आणि वर रेघही मारली होती.

"सांगलीवाल्या," अक्का म्हणाल्या, "फोटोचा हार काढ."

मी स्टुलावर चढलो. हार चंदनाचा होता, खिळ्यात अडकला, माझ्या हातून निघेना.

"मी मेलो म्हणून कुणी सांगितलं?" गृहस्थांनी विचारलं.

"मी." अक्कांचा आवाज रोजचाच होता. "सात वर्षं वाट बघितली. देवळात गेलं की बायका विचारायच्या, पत्र आलं काय, पत्र आलं काय. एक दिवस सांगितलं, गेले. आयतु, झालं. मत्ते परत कुणी विचारलं नाही."

नंतर कळलं, शिंपी समाजाच्या विठोबाच्या देवळातल्या म्हाताऱ्यांना खरं काय ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मास्तर एका सकाळी कोइमतूरला कापड आणायला म्हणून गेले आणि तिकडेच दुसरा संसार मांडून राहिले. साऱ्या समाजानं हे गिळून टाकलं आणि अक्कांचा हार मान्य केला. आम्ही वर्षभर त्या फोटोखाली बसून मेलेल्यांच्या परत येण्यावर चर्चा केली, आणि त्या मशीन चालवत ऐकत राहिल्या. 

मास्तर आत आले. कुठं होतो, का आलो, काही बोलले नाहीत. मशीनच्या चाकावरून त्यांनी हात फिरवला. चेहरा जरा उजळला. मग अगदी सहज, कालच दुकान बंद करून गेल्यासारखे म्हणाले, "ऊठ जरा, इंदू. बघू हात चालतो का."

 वर्षभर मरेकच्या बाजूनं घसा कोरडा करणारा मी, आणि माझ्या ओठांवर 'अक्का, उठू नका' असे शब्द येऊन थांबले.

अक्कांनी बाही पूर्ण केली. दोरा कापला. बाही उलटून टीप तपासली. उठल्या नाहीत.

"काज-बटण करता?" त्यांनी विचारलं. "सुया त्या डब्यात आहेत. चटई तिथं."

मास्तरांना कळेना. ते एकेकाळी गावातले नावाजलेले कटर. काज-बटण म्हणजे दुकानातलं सगळ्यात खालचं काम, शिकाऊ माणसाचं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तीन वर्षं तेच केलं," अक्का म्हणाल्या. "मशीनला हात लावला तर तुम्ही ओरडायचात. नव्या माणसानं काजापासून सुरुवात करायची, तुम्हीच सांगितलं होतं. जेवायला वाढते. उपाशी ठेवणार नाही. पण ही खुर्ची नाही."

मास्तर वळले आणि पायरी उतरून गल्लीत गेले. नझीर त्यांना हाक मारायला उठला. "बस," अक्का म्हणाल्या, आणि तो बसला. बाहेर एक रिक्षा गेली, एक भाजीवाली गेली. मास्तर पाठमोरे उभे. मग त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि चटईवर बसले. सुईत दोरा ओवायला लागले. तीनदा चुकलं, डोळे साथ देत नव्हते. अक्कांनी हात पुढं केला, सुई घेतली, ओवली, परत दिली.

आम्ही तिघं कधी उठलो, काय सांगून निघालो, मला आठवत नाही. 

तेव्हापासून मास्तर रात्री देवळाच्या सभागृहात झोपत, सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसत. दोन वेळा अक्का वाढत. गल्लीनं चार दिवस कुजबुज केली. काही बायकांनी अक्कांना सांगितलं, नवरा आहे, असं खाली बसवू नये. अक्का म्हणाल्या, "मग तुम्ही घेऊन जा की." त्यानंतर कुणी आलं नाही. रविवारची सभा चालू राहिली. मास्तर चटईवरून ऐकत, मधूनच झेलीबद्दल काहीतरी विचारत, आणि महादेवप्पा त्यांना घाबरत घाबरत उत्तर देत.

मागल्या वर्षी माझी पुण्याला बदली झाली. निघण्याआधी मी दोन शर्ट शिवायला टाकले होते, ते घ्यायला गेलो. मशीनवर अक्का, चटईवर मास्तर. माझ्या शर्टाची काजं तेच करत होते. मला राहवलं नाही. मास्तर चहा आणायला नझीरकडे गेले तेवढ्यात मी हळूच विचारलं, "अक्का, त्यांना माफ केलंत का हो तुम्ही?"

मला वाटलं, रडतील. निदान गप्प होतील. अक्कांनी चष्मा वर केला आणि खरोखरीच्या आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं.

"माफ? अय्यो, ते कुठं केलं मी? काम दिलंय."

आणि माझ्या शर्टाचं तिसरं काज वाकडं आलं होतं, ते ब्लेडनं उसवून त्यांनी शर्ट परत चटईवर टाकला.